डबा आणि डोंगर

ज्येष्ठ सरतां सरतां गगनबावड्यास जो पाऊस लागतो, त्यास पाऊस म्हणावें कीं खालीं उतरलेलें आभाळ म्हणावें, असा प्रश्न नवख्या पाहुण्यास पडतो. वर्षाकाठीं सुमारें दोनशे इंच पाणी अंगावर घेणारा हा घाटमाथा आहे. कड्याच्या टोकाशीं उभें राहिलें कीं क्षणभर खालचें कोंकण हिरवेंगार दिसतें, आणि दुसऱ्याच क्षणीं धुक्याचा पडदा पडून हाताच्या अंतरावरचें झाडही दिसेनासें होतें. या माथ्यावरून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट खालीं उतरतात. पायथ्याशीं वैभववाडी लागते, आणि तेथें कोंकण रेल्वेचे रूळ डोंगराच्या कुशींतून उत्तर-दक्षिण गेलेले आहेत.

एका पावसाळ्यांत आम्ही येथें चार दिवस मुक्कामास होतों. चहाच्या दुकानांत बसलेल्या मंडळींच्या तोंडीं दरडींखेरीज दुसरा विषय नव्हता. कोणता घाट बंद झाला, कोठें दगड आला, एस. टी. कोठून परत फिरली, असें चाललें असतां एका वृद्ध गृहस्थांनीं धुक्यानें भरलेल्या खोऱ्याकडे बोट दाखवून खालीं झालेल्या आगगाडीच्या अपघाताची आठवण काढली. मंडळी गप्प झाली. त्या आठवणीचें स्पष्टीकरण येथें कोणास करावें लागत नाहीं. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ती गोष्ट विस्मृत झाली असेल, म्हणून ती प्रथम सांगतों.

२२ जून २००३, रविवारची रात्र. कारवारहून मुंबई सेंट्रलकडे निघालेली सुटीच्या हंगामांतील खास गाडी वैभववाडीच्या परिसरांतून जात होती. बोगद्याच्या तोंडाशीं, डोंगर कापून केलेल्या खोल कटिंगमध्यें, दरड कोसळून दगडमाती रुळांवर आली होती. त्या ढिगाऱ्यावर गाडी आदळली. एंजिन व त्यामागचे कांहीं डबे रुळांवरून घसरले, आणि पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. १९९८ च्या जानेवारींत संपूर्ण मार्ग खुला झालेल्या कोंकण रेल्वेवरील हा पहिला मोठा अपघात होय.

असा प्रसंग घडला कीं लोक प्रथम विचारतात, चूक कोणाची? हा प्रश्न योग्यच आहे. त्यासाठीं चौकशा होतात, अहवाल निघतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्या डब्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त झोपीं जातो, तो डबा अशा वेळीं नेमका कसा मोडतो? तो तसाच कां मोडतो? आणि तो कमी मोडावा म्हणून आजवर काय काय केलें गेलें? या प्रश्नांचें उत्तर शोधूं लागल्यावर आम्हांस असें दिसून आलें, कीं डब्याच्या भिंतींत लाकूड आणि पोलाद जितकें आहे, तितकाच समाजाचा स्वभावही आहे.

आगगाडीचा पहिला डबा हा डबा नव्हताच. ती घोड्याची गाडी होती. इंग्लंडांत रेल्वे सुरू झाली तेव्हां टपालाच्या घोडागाड्या बांधणारे कारागीरच कामास लागले. त्यांनीं आपल्या ओळखीच्या गाडीची लाकडी पेटी उचलली आणि ती चार चाकांच्या चौकटीवर बसविली. दोन-तीन पेट्या एकापुढें एक जोडल्या कीं पहिल्या वर्गाचा डबा तयार झाला. घोडागाडीस धडकेचें भय फारसें नव्हतें. फार तर ती कलंडे. त्यामुळें धडक सोसण्याचा विचार त्या बांधणींत मुळींच नव्हता. ही झाली पैसेवाल्यांची व्यवस्था. तिसऱ्या वर्गास तर पुष्कळ ठिकाणीं छप्परही नसे. माल वाहण्याच्या उघड्या गाड्यांत फळ्या टाकून माणसें बसवीत.

या व्यवस्थेचें फळ २४ डिसेंबर १८४१ रोजीं दिसून आलें. लंडनहून ब्रिस्टलकडे निघालेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची मालगाडी पहाटेच्या अंधारांत सॉनिंग येथील खोल कटिंगमध्यें शिरली. पावसानें भिजून कटिंगची कड रुळांवर घसरली होती. एंजिन त्या मातींत रुतलें. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या वर्गाच्या उघड्या गाड्या होत्या, आणि त्यांच्यामागें मालाचे जड वाघिणींचे डबे. पुढें मातीचा ढीग, मागें मालाचा भार, आणि मध्यें माणसें! नऊ जण मेले. त्यांत पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट होते. नाताळास घरीं निघाले होते.

वाचकांनीं हें चित्र क्षणभर मनांत ठेवावें. रात्रीचा अंधार, पावसानें सैल झालेली कड, खोल कटिंग, आणि हंगामाच्या गर्दीची गाडी. सॉनिंग व वैभववाडी यांच्यामध्यें १६२ वर्षांचें आणि सात समुद्रांचें अंतर आहे; प्रसंगाचा सांचा मात्र एकच आहे.

सॉनिंगच्या मृत्यूंचा परिणाम झाला. १८४४ च्या कायद्यानें इंग्लंडांतील रेल्वे कंपन्यांस असें बंधन घातलें, कीं दररोज निदान एक तरी गाडी अशी सोडावी, कीं जिच्यांत तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांस छप्पर असलेल्या डब्यांत, मैलास एक पेनीहून अधिक भाडें न घेतां, ताशीं बारा मैलांहून कमी नसलेल्या वेगानें नेलें जाईल. गरिबाच्या डोक्यावर छप्पर आलें तें दयेनें आलें नाहीं. पाथरवटांच्या मरणानंतर कायद्यानें आलें. पुढें हीच रीत पडली. १८४२ च्या मे महिन्यांत पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर एंजिनचा आंस तुटून गाडीस आग लागली, तेव्हां बाहेरून कुलुपें लावलेल्या डब्यांत माणसें जिवंत जळालीं. त्यानंतर कुलुपें लावण्याची चाल सुटली. १८८९ सालीं आयर्लंडांत आर्मा येथें सुटलेले डबे उतारावरून मागें घसरून दुसऱ्या गाडीवर आदळले व सुमारें ऐंशीं जण गेले. त्याच वर्षीं सर्व डब्यांस आपोआप लागणारा सलग ब्रेक असलाच पाहिजे असा कायदा झाला. डब्यांतील प्रत्येक खिळा कोणाच्या तरी मरणानें ठोकला गेला आहे असें म्हटलें, तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां डबा मोडतो कसा, तें पाहूं. त्यासाठीं थोडें गणित करावें लागेल. परंतु तें शाळेंतल्या मुलासही करतां येण्याजोगें आहे. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणारा डबा एकाएकीं थांबला, तर त्यास बसणारा आघात सुमारें ३९ मीटर उंचीवरून खालीं पडण्याइतका असतो. म्हणजे एकावर एक असे दोन उंच माड उभे करून त्यांच्या शेंड्यावरून डबा टाकावा, तसें तें होतें. वेग निम्मा केला तर उंची निम्मी होत नाहीं, चौथाई होते. ताशीं पन्नास किलोमीटरांस ती अवघी दहा मीटर भरते. वेग दुप्पट तर आघात चौपट, हा नियम आहे. तो कोणत्याही रेल्वे बोर्डास बदलतां येत नाहीं.

हा आघात कोठें तरी जिरावा लागतो. लाकडी डब्याच्या काळीं तो फार वाईट रीतीनें जिरे. डब्याचा खालचा सांगाडा, म्हणजे चाकांवरची चौकट, भक्कम लोखंडी असे. त्यावरची पेटी मात्र लाकडाची. धडक बसतांच एका डब्याची चौकट उचलली जाऊन शेजारच्या डब्याच्या चौकटीवर चढे, आणि सुताराची पटाशी खोक्यांत शिरावी तशी ती त्या लाकडी पेटींत आरपार शिरे. दुर्बिणीच्या नळ्या जशा एकींत एक सरकतात, तसे डबे एकमेकांत सरकत. म्हणून इंग्रजींत या प्रकारास दुर्बिणीवरूनच नांव पडलें. दोन डब्यांच्या जागेंत एक डबा उरे. बाकीची जागा ज्यांची होती, त्यांचें काय झालें असेल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

याचें सर्वांत भयंकर उदाहरण २२ मे १९१५ चें आहे. पहिल्या महायुद्धांत आघाडीकडे निघालेल्या स्कॉटिश सैनिकांची गाडी स्कॉटलंडच्या सीमेवर क्विंटिन्सहिल येथें, सिग्नलवाल्यांच्या चुकीनें, उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. सैनिकांच्या गाडीची लांबी २१३ यार्ड होती. धडकेनंतर ती ६७ यार्ड उरली. लगेच तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यांत घुसली. डबे जुने, लाकडी, आणि दिव्यांसाठीं खालीं गॅसच्या टांक्या बसविलेले. आग लागली ती विझेना. सव्वादोनशेंच्या आसपास माणसें गेलीं, त्यांत बहुतेक सैनिक. लाकडी डब्याचें दिवस भरले, हें त्यानंतर निराळें सांगावें लागलें नाहीं. तरीही ते डबे पुढें कित्येक वर्षें धांवत राहिले, कारण जुना डबा मोडींत काढण्यास पैसा लागतो.

आमच्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. कोल्हापुराकडे रेल्वे यावयास त्यानंतर अडतीस वर्षें लागलीं. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर मार्ग सुरू झाला, आणि गगनबावड्याच्या माणसास गाडीसाठीं कोल्हापूर गांठणें भाग पडलें.  त्या काळच्या आपल्याकडील डब्यांत सागवान पुष्कळ असे. सागवान टिकाऊ खरें, पाऊस-वाळवी सोसणारें खरें. पण धडकेपुढें सागवान झालें तरी तें लाकूडच.

स्वातंत्र्यानंतर या बाबतींत मोठा पालट झाला. स्वित्झर्लंडांतील एका कंपनीच्या साहाय्यानें मद्रासजवळ पेरांबूर येथें डब्यांचा कारखाना उभा राहिला आणि २ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. निळ्या रंगाचे, गजांच्या खिडक्यांचे जे डबे आमच्या पिढीनें आयुष्यभर पाहिले, ते याच घराण्यांतले. त्यांची कल्पना अशी, कीं खालची चौकट निराळी व वरची पेटी निराळी असें ठेवूंच नये. तळ, बाजूच्या भिंती आणि छप्पर हीं सारीं पोलादी पत्र्यांचीं करून एकत्र जोडावीं, म्हणजे संबंध डबा एक नळी होऊन भार वाहील. नळी वांकविणें किती कठीण, हें बांबू मोडूं पाहणाऱ्यास ठाऊक आहे. या बांधणीनें लाकडी डब्याचें जुनें दुखणें पुष्कळच कमी केलें.

परंतु दुखणें कमी झालें म्हणजे गेलें असें नव्हे. डबा सुधारला, दोन डब्यांमधील सांधा मात्र जुन्या काळचाच राहिला. मध्यें फिरकीची सांखळी व दोन्ही बाजूंस वाटोळे बफर, ही ती व्यवस्था. सरळ ओढण्यास व हळूच ढकलण्यास ती उत्तम. पण गाडी घसरली कीं सांखळी तुटते किंवा निसटते, बफर एकमेकांवरून सरकतात, आणि पाठीमागचा डबा पुढच्यावर चढण्यास मोकळा होतो. २ ऑगस्ट १९९९ रोजीं पश्चिम बंगालांत गैसल स्टेशनांत दोन प्रवासी गाड्या एकाच रुळांवर समोरासमोर आल्या. पावणेतीनशेंहून अधिक माणसें त्या रात्रीं मेलीं. पोलादाच्या नळ्याही चिरडतात, हें त्या सकाळीं साऱ्या देशानें पाहिलें.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे २००० सालीं, जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुश कंपनीच्या धर्तीचे डबे आपल्याकडे धांवूं लागले. नंतर ते कपूरथळ्यास व इतरत्र होऊं लागले. बाहेरून पाहणाऱ्यास त्यांचा रंग निराळा दिसतो. खरा फरक सांध्यांत आहे. येथें बाजूचे बफर नाहींत. मध्यें एकच घट्ट पंजा असतो. तो दुसऱ्या डब्याच्या पंजास असा धरतो, कीं गाडी घसरली तरी डबे सहसा सुटत नाहींत, उचलले जात नाहींत, एकमेकांवर चढत नाहींत. पुष्कळदां संबंध गाडी रूळ सोडूनही रांगेंतच उभी राहते. या रीतीच्या मागें जें तत्त्व आहे तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. जुना कारागीर म्हणे, डबा मोडूं नये. नवा यंत्रज्ञ म्हणतो, मोठी धडक झाली तर कांहीं तरी मोडणारच. म्हणून काय मोडावें हें आपण आधींच ठरवावें. जेथें माणूस बसत नाहीं, तो डब्याच्या टोकाचा भाग चुरगळून आघात पोटांत घेवो. जेथें माणूस बसतो, तो मधला भाग शाबूत राहो. २०१८ सालीं पेरांबूरनेंही आपले जुन्या धर्तीचे डबे बांधणें थांबविलें. एका घराण्याची सुमारें त्रेसष्ट वर्षांची कारकीर्द तेथें संपली.

येथवर ही कथा प्रगतीची वाटते. परंतु आम्ही ज्या कड्यावर उभे राहून ती आठवीत होतों, तेथून तिची मर्यादाही दिसते. गैसलच्या सुमारास कोंकण रेल्वेचे यंत्रज्ञ, राजाराम बोज्जी यांच्या पुढाकारानें, एक अभिनव यंत्र सिद्ध करीत होते. दोन गाड्या एकमेकींच्या वाटेंत आल्या तर त्यांस आधींच कळावें व त्या आपोआप थांबाव्या, असें तें ‘रक्षाकवच’. आज देशांतील मार्गांवर ‘कवच’ नांवाची जी नवी यंत्रणा बसविली जात आहे, तिच्या आधीं या दिशेनें झालेला हा मोठा प्रयत्न होता. आणि नियतीचा खेळ असा, कीं गाडीस गाडीपासून वांचविण्याचें कवच जेथें घडत होतें, त्याच रेल्वेवर पहिला मोठा घाला गाडीनें घातला नाहीं, डोंगरानें घातला. डोंगरास यंत्र बसवितां येत नाहीं. तो ब्रेक लावीत नाहीं. आणि धडकेंत तो स्वतः चिरडला जाऊन आघाताचा आपला वांटा उचलीत नाहीं. दोन गाड्या आदळल्या तर दोघींचे डबे मोडून आघात वांटून घेतात. डोंगराशीं गांठ पडली तर सारा आघात एकट्या गाडीस सोसावा लागतो. त्यांतून कटिंग म्हणजे दोन्ही बाजूंस भिंती, आणि पुढें बोगद्याचें दगडी तोंड. घसरलेल्या डब्यास पसरण्यास जागाच नाहीं. उघड्या माळावर जो डबा कलंडून थांबला असता, तो येथें भिंतीवर घासतो व आदळतो. अशा ठिकाणीं कोणत्याही बांधणीचा डबा फार काळ तग धरील, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

आणि हा डोंगर तरी कसा? वरती जांभा दगड. तो चाळणीसारखा सच्छिद्र. पावसाचें पाणी त्यांतून झिरपून खालच्या चिकण मातीपर्यंत जातें. ती माती भिजली कीं साबणासारखी निसरडी होते, आणि वरचा भार तीवरून सुटतो. डोंगर आपल्या वळणानें शतकानुशतकें उभा असतो. आपण त्याचा पाय कापून वाट करतों, आणि मग तो उभा राहील अशी अपेक्षा धरतों. ई. श्रीधरन् यांच्या नेतृत्वाखालीं नव्वदाहून अधिक बोगदे खोदून, सुमारें दोन हजार लहानमोठे पूल बांधून जी रेल्वे तडीस गेली, तिची थोरवी यानें कमी होत नाहीं. परंतु डोंगरानें आपला हिशेब राखून ठेवला होता. २००३ नंतर एकच वर्ष गेलें, आणि १६ जून २००४ रोजीं महाडच्या बाजूस करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळें मत्स्यगंधा एक्सप्रेस पुलापाशीं घसरली. पुनः माणसें मेलीं.

यानंतर जें केलें गेलें, तें आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचें पाऊल होय. कारण तेथें रक्षणाचा विचार डब्याच्या बाहेर पडला. कटिंगच्या कडा तासून त्यांचा उतार कमी करण्यांत आला. सुट्या दगडांवर पोलादी जाळ्या घालण्यांत आल्या. धोक्याच्या जागीं पावसाळ्यांत रात्रंदिवस गस्त ठेवण्यांत आली. पाऊस मोजणारीं यंत्रें स्टेशनांवर बसलीं. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे पावसाळ्यासाठीं निराळें वेळापत्रक आलें. गाड्यांचा वेग कमी झाला, आणि मुसळधार पावसांत पुढचें दिसेनासें झालें तर ताशीं चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये, असा चालकांस दंडक घालून दिला गेला. मघांचें गणित येथें पुनः मांडून पाहावें. शंभर किलोमीटरांचा आघात ३९ मीटर उंचीवरचा. चाळीस किलोमीटरांचा अवघा सहा मीटरांचा. म्हणजे तो सहांश हिश्शाहूनही कमी होतो. शिवाय हळू चालणारी गाडी दगड दिसल्यावर थांबूं शकते, हा लाभ निराळाच. जगांतील कोणत्याही कारखान्यानें डब्याचें बळ एका फटक्यांत सहापट वाढविलें नाहीं. वेळापत्रकाच्या एका कागदानें आणि हातांत दिवा घेऊन भिजत उभ्या असलेल्या गस्तवाल्यानें तें साधलें. दरडी कोसळावयाच्या थांबल्या आहेत असें नाहीं; १४ जुलै २०२४ रोजीं खेडजवळ दिवाणखवटी येथें रुळांवर दरड आली आणि गाड्या ठिकठिकाणीं थांबवून ठेवाव्या लागल्या. प्रवाशांचे फार हाल झाले. परंतु हाल होणें व प्राण जाणें यांतील अंतर फार मोठें आहे, हें वैभववाडीच्या शेजाऱ्यांस तरी सांगावें लागू नये.

आतां एक गोष्ट राहिली. ती सांगितल्याखेरीज हा लेख पुरा करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. धडकेंत गाडीचा कोणता भाग प्रथम मोडतो? उघडच आहे, टोकाचा. आणि आमच्या गाड्यांत टोकांस कोण बसतें? आरक्षण नसलेले सामान्य डबे पुष्कळ गाड्यांत एंजिनच्या लगत पुढें आणि अगदीं शेवटीं मागें लावण्याची चाल आहे. गर्दी दोन टोकांस वांटली जावी, मधल्या डब्यांत ती घुसूं नये, ही त्यामागची सोय. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु नाहीं; पण सॉनिंगच्या रेल्वेवाल्यांचा तरी कोठें होता? त्यांनींही सोय म्हणूनच पाथरवटांच्या गाड्या एंजिनमागें लावल्या होत्या.

२ जून २०२३ रोजीं ओरिसांत बालेश्वर जिल्ह्यांतील बाहानगा बाजार स्टेशनांत कोरोमंडल एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर वळून लोहखनिजानें भरलेल्या उभ्या मालगाडीवर आदळली. तिचा वेग ताशीं १२८ किलोमीटरांच्या आसपास होता. आमच्या गणितानें तो आघात ६४ मीटर उंचीवरून पडण्याइतका होतो. रत्नागिरीजवळील पानवळच्या प्रसिद्ध पुलाची उंचीही तितकीच आहे. डबे नव्या धर्तीचे होते. तरी लोहखनिजानें भरलेली मालगाडी म्हणजे रुळांवर उभा असलेला डोंगरच. उडालेले डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यांस लागले. २९० हून अधिक माणसें गेलीं. पुढच्या सामान्य डब्यांतील प्रवाशांस त्यांत फार मोठी किंमत द्यावी लागली. आणि आरक्षणच नसल्यामुळें त्यांचीं नांवें रेल्वेच्या कोणत्याही यादींत नव्हतीं. कामासाठीं दक्षिणेकडे निघालेलीं तीं माणसें होतीं. त्यांच्या नातलगांस प्रेतांच्या छायाचित्रांतून आपलें माणूस शोधावें लागलें.

१८४१ च्या पाथरवटांस छप्पर नव्हतें. २०२३ च्या मजुरांस छप्पर होतें, पोलादी भिंती होत्या, घट्ट पंजाचा सांधाही होता. पण गाडींतील त्यांची जागा तीच होती. पावणेदोनशेंहून अधिक वर्षांत डबा बदलला. डब्यांचा क्रम बदलला नाहीं. काय मोडावें हें आधीं ठरवावें, असें नवें यंत्रशास्त्र म्हणतें. मग टोकाशीं जें मोडणार, तेथें माणसाऐवजीं सामान ठेवावें, ब्रेकचा वा पार्सलचा डबा ठेवावा, आणि गरिबास गाडीच्या मध्यभागीं जागा द्यावी, हें ठरविण्यास कोणतें नवें यंत्र लागतें? आमच्या बुद्धीस तरी तें दिसत नाहीं. गर्दीची अडचण खरी आहे; पण अडचण आणि अशक्यता या दोन निराळ्या वस्तु आहेत.

कोल्हापुराहून वैभववाडीस जोडणाऱ्या नव्या रेल्वेची आशा या भागानें कित्येक वर्षें बाळगली आहे. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पांत तिचा समावेश झाला. मार्ग शंभराहून अधिक किलोमीटरांचा असून तो सह्याद्रि ओलांडून खालीं उतरावयाचा आहे. ती रेल्वे व्हावी, अशीच आमची इच्छा आहे; घाट बंद झाला कीं येथील रोगी, विद्यार्थी व व्यापारी यांचे काय हाल होतात, तें चार दिवसांत आम्हीं पाहिलें. परंतु ती होईल तेव्हां हेंच जांभ्याचें डोंगर, हीच चिकण माती आणि हाच दोनशे इंचांचा पाऊस तिच्या वाट्यास येणार आहे. अशा वेळीं येथील एका जुन्या माणसाची आठवण होते. गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त दुर्गांविषयीं जें विवेचन आहे, त्यांत तट-बुरूज जितके आहेत, तितकीच पाण्याची सोय, कोठाराची निगा, आणि पहारा करणाऱ्या माणसांची निवड व त्यांचा योगक्षेम आहे. गडाचें बळ एकट्या तटांत नसतें, हें तीनशे वर्षांपूर्वींच्या त्या मुत्सद्यानें पुरतें ओळखलें होतें. डब्याचेंही तसेंच आहे. त्याचें पोलाद हा तट झाला. कापलेल्या कडेची निगा, पावसाची मोजदाद, गस्तवाल्याचा दिवा आणि चालकाचा आवरलेला वेग हा पहारा झाला.

निघण्याच्या दिवशीं पाऊस थोडा उघडला आणि आम्ही करूळ घाटानें वैभववाडीस उतरलों. गाडी बरीच उशिरां येणार असें फलाटावर कळलें. कोणी घड्याळ पाहून चडफडत होते; दुसऱ्या एखाद्या दिवशीं आम्हीही चडफडलों असतों. त्या दिवशीं मात्र आम्ही बाकावर स्वस्थ बसून राहिलों. पुढें कोठें तरी, धुक्यानें भरलेल्या एका कटिंगमध्यें, गाडी हळूहळू येत होती; आणि ती हळू येत आहे हें आम्हांस फार बरें वाटत होतें.